प्रतवारी न झालेलें कार्ड

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें पत्र आम्हांस आलें. पत्र म्हणजे अर्थात् ई-मेल. परंतु त्याची लिहिण्याची पद्धति अजून शाळेंतील निबंधाच्या वहीसारखीच, परिच्छेद पाडून व नीट विचारून लिहिण्याची, म्हणून आम्ही त्यास पत्रच म्हणतों. हा विद्यार्थी अमेरिकेंत न्यू जर्सी येथें नोकरीस आहे. तेथील सोबत्यांच्या संगतीनें त्याच्या मुलास बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा नाद लागला, आणि मुलाच्या नादानें बापासही लागला. पत्रासोबत एका कार्डाचीं दोन छायाचित्रें होतीं. नारिंगी पार्श्वभूमीवर हेन्री ॲरन या विख्यात खेळाडूचा तरुणपणचा चेहरा. साल १९५४, क्रमांक १२८. खालीं लिहिलें होतें, "सर, आंतरजालावरील बाजारांत हें ३,००० डॉलरांस मिळत आहे. प्रतवारी झालेलें असतें तर दुप्पट पडलें असतें. घेऊं का?"

तीन हजार डॉलर म्हणजे आपल्याकडील अडीच लक्ष रुपयांहून कमी नव्हे. बेसबॉलमध्यें आमची गति शून्य. तरी प्रश्न आमच्याकडे कां आला, हें आम्हांस ठाऊक होतें. हा मुलगा आठवीच्या वर्गांत असतांना च्युइंगगमबरोबर मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांची त्याची चळत आम्हींच भर तासाला जप्त केली होती, व वर्षाच्या अखेरीस मोजून परत दिली होती. त्या विश्वासानें त्यानें विचारलें. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागितली व वाचावयास बसलों. त्या आठ दिवसांत जें कळलें, आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत जें घडलें, तें आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्यांस हा विषय सर्वस्वी नवा आहे त्यांच्यासाठीं थोडा इतिहास सांगणें प्राप्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील सिगारेटचे कारखानदार पाकिटांत जाड कागदाचा एक तुकडा घालूं लागले. पाकीट चेपूं नये हा एक हेतु, आणि गिऱ्हाइकानें पुन्हां आपलेंच पाकीट घ्यावें हा दुसरा. या तुकड्यांवर नाटकांतील नट्या असत, तसे बेसबॉलचे खेळाडूही असत. अमेरिकन टोबॅको कंपनीनें १९०९ ते १९११ या काळांत काढलेली पांढऱ्या कडेची माला संग्राहक 'टी-२०६' या नांवानें ओळखतात. पुढें तंबाखूची जागा च्युइंगगमनें घेतली. १९३३ सालची गाउडी कंपनीची माला प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीनें या धंद्यांत पाऊल टाकलें, आणि तिची १९५२ सालची ४०७ कार्डांची माला ही आजच्या संग्राहकांची जणुं काशी आहे. गंमत अशी कीं, त्या मालेंतील शेवटचीं कार्डें त्या वेळीं खपलीं नाहींत. कंपनीचे अधिकारी साय बर्गर यांनीं पुढें सांगितल्याप्रमाणें, १९६० सालीं गोदाम रिकामें करण्यासाठीं तीं पेट्या भरभरून अटलांटिक महासागरांत बुडविण्यांत आलीं. त्याच शेवटच्या भागांतील क्रमांक ३११ च्या मिकी मँटल या खेळाडूच्या एका कार्डास ऑगस्ट २०२२ मध्यें लिलावांत १ कोटि २६ लक्ष डॉलर आले.

परंतु हा आंकडा ऐकून आपल्या माळ्यावरील ट्रंका उघडण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. ती किंमत चित्राची नव्हती. चित्राच्या कोपऱ्यांची होती. तेंच मँटलचें कार्ड घडी पडलेलें व कोपरे झिजलेलें असेल तर त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकेंही मोल येत नाहीं. मुलांनीं हीं कार्डें रबराच्या पट्टीनें बांधलीं, भिंतीवर आपटून खेळलीं, आवाज व्हावा म्हणून सायकलच्या चाकांत अडकविलीं, आयांनीं केराबरोबर टाकून दिलीं. त्यांतून एखादें कोऱ्या नोटेसारखें राहिलें, म्हणून तें दुर्मिळ. अर्थात् किंमत जर कोपऱ्याच्या एका केसाएवढ्या झिजेवर अवलंबून असेल, तर ती झीज कोणीं मोजावयाची, हा प्रश्न उत्पन्न होतो.

यासाठीं तेथें प्रतवारी करणाऱ्या संस्था निघाल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पी. एस. ए. ही १९९१ सालीं स्थापन झाली. कार्ड तिच्याकडे पाठवावें. तेथील परीक्षक तें खरें आहे कीं बनावट हें पाहतात, चित्र कागदाच्या मध्यावर आहे कीं एका बाजूस सरकलें आहे, कोपरे, कडा व पृष्ठभाग यांची स्थिति कशी, हें तपासतात, आणि १ पासून १० पर्यंत प्रत ठरवितात. मग तें कार्ड कठीण पारदर्शक प्लास्टिकच्या पेटींत मोहोरबंद होतें व त्यावर क्रमांक पडतो. आपल्याकडे सोन्याच्या डागावर हॉलमार्क असतो, तशांतला हा प्रकार. शुल्क कार्डाच्या किमतीप्रमाणें चढत जातें. तथापि कांहीं हजारांच्या कार्डास तें किमतीच्या मानानें अगदींच थोडें पडतें. ज्या कार्डाची अशी परीक्षा झालेली नाहीं त्यास तेथील व्यापारी 'कच्चें' या अर्थाच्या इंग्रजी शब्दानें संबोधितात. आमच्या विद्यार्थ्यास मिळत होतें तें असें कच्चें कार्ड.

आतां विचार करावयाचा तो एवढाच. थोडें शुल्क भरून ज्या वस्तूची किंमत दुप्पट होते, ती वस्तु विक्रेता शुल्क वांचवून निम्म्या किमतीस कां विकतो?

याचीं उत्तरें तीन संभवतात. एक, त्यास बिचाऱ्यास ठाऊक नाहीं. दोन, त्यास पैशाची निकड आहे. तीन, त्यास पुरतेंपणीं ठाऊक आहे. पहिलें उत्तर मोठें गोड असतें, आणि गिऱ्हाइकाचें मन तेथेंच अडकतें. विक्रेतेही तें ओळखून असतात. म्हणून "आजोबांच्या पेटींत सांपडलें, मला या विषयांतलें कांहीं कळत नाहीं" असें वाक्य वर्णनांत वारंवार भेटतें. आतां हें खरें कीं असे लाभ प्रत्यक्ष होतात. २०१२ सालीं ओहायो संस्थानांतील डिफायन्स गांवीं एका घराच्या माळ्यावर १९१० च्या सुमाराचीं सातशेंच्या आसपास कार्डें निघालीं, तींही अतिशय उत्तम स्थितींत. २०१६ सालीं एका कुटुंबास जुन्या कागदी पिशवींत टाय कॉब या खेळाडूचीं सात अतिदुर्मिळ कार्डें मिळालीं. पण त्या मंडळींनीं पुढें काय केलें, हें पाहावें. दोन्ही ठिकाणीं कार्डें प्रथम पी. एस. ए. कडे परीक्षेस गेलीं, आणि मग बाजारांत आलीं. ज्यांस या विषयाचा गंधही नव्हता त्यांनींसुद्धां परीक्षा करून घेतली. मग ज्याच्या नांवावर हजारों कार्डांची विक्री नोंदलेली आहे त्या व्यापाऱ्यानें नेमकें हेंच एक मौल्यवान कार्ड परीक्षेवांचून कां ठेवावें?

अर्थशास्त्रांत यास एक नांवाजलेला सिद्धान्त आहे. १९७० सालीं जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन पंडितानें जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. अमेरिकेंत फसव्या, बिघडलेल्या मोटारीस 'लिंबू' म्हणतात. तोच शब्द त्याच्या मथळ्यांत आहे. विकणाऱ्यास मोटारीची खोड माहीत असते, घेणाऱ्यास नसते. घेणारा म्हणून भीतभीत मधली किंमत देऊं करतो. मधल्या किमतीस चांगली मोटार देणें मालकास परवडत नाहीं, तो ती बाजारांतून काढून घेतो. राहतात त्या वाईट मोटारी. मग किंमत आणखी उतरते, आणि उरलेल्यांतील बऱ्या मोटारीही निघून जातात. २००१ सालीं अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी ॲकरलॉफ होता, तो मुख्यतः या विचारासाठीं. आपल्याकडे ज्यानें मे महिन्यांत अनोळखी माणसाकडून आंब्याची बंद पेटी घेतली आहे आणि वरचा थर उचलून खालीं पाहिलें आहे, त्यास हा सिद्धान्त निबंध न वाचतांही समजेल.

कार्डांच्या बाजारांत ही गाळणी फार कडक चालते. उत्तम कार्डें परीक्षेस जातात व पेटींत बंद होतात. जीं परीक्षेंत नापास होतात तीं कोठें जातात? तीं फेंकून कोणी देत नाहीं. कमी प्रत मिळाली म्हणून पेटी फोडून कार्ड बाहेर काढतात; तें पुन्हां कच्चें होतें, पुन्हां बाजारांत उभें राहतें, आणि मागील निकालाचें नांवही निघत नाहीं. म्हणून महागड्या कच्च्या कार्डांचा ढीग हा न तपासलेल्या कार्डांचा ढीग आहे असें समजणें हाच मुळीं भ्रम होय. त्यांतील कित्येक तपासलेलीं आहेत. निकाल मात्र आपणांस कळविलेला नाहीं. आमच्या मतें या सर्व प्रकरणांतील कळीचा मुद्दा हाच आहे.

दोष कोणते असतात, तेंही पाहूं. सरळसरळ बनावट कार्ड हा त्यांतला ओबडधोबड प्रकार. टॉप्स कंपनीनेंच १९८३ सालीं १९५२ च्या मालेचें पुनर्मुद्रण काढलें. त्याच्या पाठीवर तसा स्पष्ट उल्लेख आहे, आणि आकारही लहान आहे. मूळ कार्ड २⅝ इंच रुंद व ३¾ इंच उंच. पुनर्मुद्रण २½ बाय ३½. पट्टी हातीं असेल तर पांचवींतील मुलासही फरक कळावा. पण पट्टी छायाचित्रावर कशी ठेवणार? पाठीवरील उल्लेख खरडून काढून, कागद चहाच्या पाण्यानें पिवळा करून अशीं कार्डें जुनीं म्हणून खपविलीं जातात. भिंगाखालीं धरल्यास मूळच्या छपाईंतील काळीं अक्षरें सलग दिसतात. छायाचित्रावरून केलेल्या नकलेंत अक्षरेंही रंगीत ठिपक्यांचीं बनलेलीं आढळतात. अतिनील दिवाही उपयोगीं पडतो. आधुनिक कागदांत शुभ्रतेसाठीं जीं द्रव्यें घालतात तीं त्या प्रकाशांत निळसर चमकतात. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या कागदांत तीं नाहींत, म्हणून टी-२०६ चें म्हणविलेलें कार्ड असें चमकूं लागलें कीं समजावें काय तें. या सर्व कसोट्या सोप्या आहेत, आणि सर्वांस कार्ड हातांत लागतें.

खरा धोका नकलेचा नाहीं, अस्सलाचा आहे. कागद अस्सल, छपाई अस्सल, साल अस्सल. परंतु झिजलेली कड अणकुचीदार पात्यानें केसभर कातरून टाकलेली. कड कातरली कीं कोपरा पुन्हां टोकदार होतो, आणि तिसऱ्या प्रतीचें कार्ड सातव्या प्रतीचें दिसूं लागतें. कोणी पांढरी पडलेली काळी कड शाईनें रंगवितो; १९७१ सालच्या टॉप्सच्या काळ्या कडेच्या कार्डांवर हा प्रयोग फार होतो. कोणी घडी दाबून सपाट करतो, कोणी गमचा डाग रसायनानें धुतो. यांपैकीं प्रत्येक गोष्ट तिरप्या प्रकाशांत, कडेकडून पाहिली तरच दिसते. विक्रेत्याचें छायाचित्र समोरून घेतलेलें, त्यावर प्लास्टिकच्या पाकिटाची चकाकी, आणि आंत खोड लपलेली. कित्येकदां तर छायाचित्रही दुसऱ्याच्याच कार्डाचें असतें. सत्तर वर्षें मुलांच्या हातांतून फिरलेल्या वस्तूचे चारही कोपरे सुईसारखे असावेत, ही गोष्ट आनंदाची नसून चौकशीची आहे.

घेणाऱ्यास संरक्षण नाहीं असें नाहीं. ई-बे या मोठ्या बाजारांत वस्तु वर्णनाप्रमाणें नसेल तर पोंचल्यापासून तीस दिवसांच्या आंत तक्रार करतां येते. शिवाय २०२२ पासून अमेरिकेंत ठराविक किमतीवरील कच्चीं कार्डें गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वीं तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची व्यवस्था त्यांनीं केली आहे. परंतु सर्वच बाजारांत ही सोय नाहीं; आणि खासगी व्यवहारांत विक्रेता "पैसे मित्र म्हणून पाठवा, शुल्क वांचेल" असें सुचवितो तेव्हां त्या मार्गानें पाठविलेल्या रकमेस कसलेंच कवच नसतें. तीस दिवसांचें गणितही विचित्र आहे. प्रतवारीचा निकाल येण्यास पुष्कळदां कांहीं आठवडे, कधीं महिने लागतात. म्हणजे खोड कळते तेव्हां तक्रारीची मुदत टळलेली असते.

तर मग पेटींत बंद झालेलें कार्ड डोळे मिटून घ्यावें काय? तसेंही आम्ही म्हणत नाहीं. पेट्याही बनावट निघतात. म्हणून पेटीवरील क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा, व तेथील नोंद हातांतील कार्डाशीं ताडून पाहावी. शिवाय परीक्षकही माणसेंच. टी-२०६ मालेंतील होनस वॅग्नर या खेळाडूचें कार्ड जगांत साठांच्या आसपासच शिल्लक असल्याचें समजतात. त्यांतील सर्वांत देखणें कार्ड बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्यानें १९८५ सालीं २५,००० डॉलरांस घेतलें. १९९१ सालीं आइस हॉकीपटु वेन ग्रेट्झ्की व त्याचा भागीदार यांनीं तें लिलावांत ४,५१,००० डॉलरांस घेतलें. पी. एस. ए. नें प्रत लावलेलें अगदीं पहिलें कार्ड तें हेंच, आणि प्रत मिळाली ८. पुढें २००० सालीं ई-बे वरच तें साडेबारा लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेलें, व २००७ सालीं २८ लक्षांस. त्याच्या कडांविषयीं कुजबूज वर्षानुवर्षें चालूच होती. अखेर २०१३ सालीं मॅस्ट्रोनें लिलावांतील लबाडीच्या खटल्यांत न्यायालयापुढें गुन्हा कबूल केला, आणि त्या कार्डाची कड आपण कातरली होती हेंही मान्य केलें. २०१५ सालीं त्यास वीस महिन्यांची शिक्षा झाली. जगांतील सर्वांत मानाच्या कार्डाची ही कथा! म्हणून आम्ही प्रतवारीस वेदवाक्य मानीत नाहीं. तथापि एका परीक्षकाची चूक आणि परीक्षेचा अभाव या दोहोंत फरक आहे; चुकीचा निदान माग लागतो.

हें सर्व जुळवून आम्हीं नवव्या दिवशीं उत्तर लिहिलें. त्यांत थोडक्यांत असें होतें: प्रत झालेलें, थोडें खालच्या प्रतीचें कां होईना, पण पेटीबंद कार्ड तेवढ्याच पैशांत घे. हेंच पाहिजे असेल तर विक्रेत्यास म्हण, तूं परीक्षेस पाठव, शुल्क मी देतों, आणि निकाल चांगला आला तर दुप्पट किंमतही मीच देतों. त्यानें नकार दिला तर तो नकार हाच निकाल समज.

उत्तर पोंचलें तेव्हां कार्ड त्याच्या टेबलावर होतें. चौथ्याच दिवशीं "आणखी दोघे पाहत आहेत" असें विक्रेत्यानें कळविलें, आणि यानें पैसे भरले. आम्हांस राग आला नाहीं असें म्हणणें खोटें होईल. आमचें पत्र वाचून त्यानें पट्टी लावली. उंची बरोबर होती. रुंदी सूतभर कमी. आतां त्या काळच्या कारखान्यांत कापणी कधीं कमीजास्त होत असे, म्हणून केवळ मापावरून दोष देतां येत नाहीं. त्यानें याच आधारावर मनाची समजूत घातली, चार मित्रांस कार्ड दाखविलें, आणि तिसऱ्या आठवड्यांत तें परीक्षेस पाठविलें. निकाल आणखी सात आठवड्यांनीं आला. कार्ड अस्सल, उजवी कड कातरल्याचा पुरावा, अंकी प्रत देतां येत नाहीं. विक्रेत्यानें उत्तर दिलें कीं, आपण कोणतीही प्रत सांगितली नव्हती. तें खरेंच होतें.

त्यानंतरचें पत्र आम्हांस सर्वांत जड गेलें. तो लिहितो, "सर, एक गृहस्थ २,६०० डॉलर द्यावयास तयार आहे. तें परीक्षेस गेलें होतें का, असें त्यानें विचारलेलें नाहीं. मीं स्वतः होऊन सांगितलें पाहिजे का?" घरांत दुसऱ्या बाळंतपणाचा खर्च समोर होता, हें त्यानें लिहिलें नव्हतें, पण आम्हांस त्याच्या आईकडून कळलें होतें. ज्याचे चारशें डॉलर बुडणार त्यानें विचारणें, आणि ज्याचे दोन हजार बुडणार त्यानें विचारणें, यांत अंतर आहे. उपदेश लिहावयास बसलों व फाडून टाकला. शेवटीं एकच ओळ पाठविली: "हें कार्ड तुझ्यापूर्वीं परीक्षेस गेलें होतें असें तुला वाटतें काय?"

पंधरा दिवस कांहीं उत्तर आलें नाहीं. मग त्यानें विक्रीच्या जाहिरातीची प्रत आम्हांस पाठविली. ती त्याच्या मुलानें लिहिली होती, बापानें फक्त शुद्धलेखन तपासलें होतें. पहिली ओळ अशी होती: "या कार्डाची उजवी कड कातरलेली आहे." खालीं पट्टी लावून घेतलेलीं चार छायाचित्रें होतीं, एक कडेकडून, तिरप्या प्रकाशांत, आणि परीक्षकांच्या निकालाचा कागद. कार्ड नऊशें डॉलरांस गेलें.